तोंडाला 'वरीलप्रमाणे' चालत नाही

ढगे सर मशिनीला कान लावून बसायचा. डोळे मिटून, गाल टेबलावर टेकवून, आणि एक हात मागं हवेत धरून, म्हणजे कुणी आत येऊ नये. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, माणसाला चक्कर आली. पाण्याचा तांब्या घेऊन आत गेलो. त्यानं डोळे न उघडता सांगितलं, "आप्पा, जरा थांबा. काकू घुटमळतायत."

काकू म्हणजे टेप लिहायचं मशीन. कॉम्प्युटरच्या पोटात बसवलेलं, विटेएवढं, तोंडाला एक फट. त्या फटीत एक कॅसेट जायची, गाण्याच्या कॅसेटपेक्षा जाड. तिच्यावर गाणी नसायची. कॉम्प्युटरमध्ये जे काही असेल त्याची नक्कल त्या टेपेवर उतरायची. काम सुरळीत असलं की नुसती घरघर. कुठं अडलं की टेप पुढं जायची, मागं यायची, पुन्हा पुढं. त्यालाच सर घुटमळणं म्हणायचा. "पाहुणी बाई निघते, दारापर्यंत जाते, परत आत येऊन आणखी काहीतरी सांगते, पुन्हा दारापर्यंत जाते. तसं करतं हे मशीन. म्हणून काकू."

मी पाटोद्याचा. बाजाराच्या रस्त्याला माझी पिठाची गिरणी आहे. शाळा चौथीत सोडली, किंवा शाळेनं मला सोडलं, कसंही धरा. पण दगडाचा आवाज ऐकून मी सांगतो की त्याला टाकी घालून खडबडीत करायला झालंय का अजून चालेल. तालुक्यात दुसऱ्या कुणाला हे माझ्याइतकं कळत असलं तर त्यानं समोर यावं. त्यामुळं मशिनीला कान लावणारा माणूस मला येडा वाटला नाही. बाकी गल्लीला वाटला.

ती वर्षं अशी होती की पाटोद्यात रोज काहीतरी नवं यायचं. माळवदांवर टीव्हीच्या परातीएवढ्या छत्र्या बसल्या. स्टँडसमोर पिवळ्या पाटीचा फोन आला, त्यात माणसं काचेच्या कपाटात उभी राहून ओरडायची. आणि एक दिवस ढगे सर आला, जीपमध्ये कॉम्प्युटर घालून, त्याला बाळंतिणीसारखं दुलईत गुंडाळून. मतदानाच्या कार्डासाठी माणसांचे फोटो काढायचं काम एका ठेकेदारानं घेतलं होतं. त्या ठेकेदाराचा हा माणूस. मूळचा जालन्याकडचा, चाळिशीला आलेला, एकटा. गिरणीला लागून माझी एक खोली रिकामी होती, ती त्याला दिली.

काम असं. दिवसभर गावोगाव फिरायचं, चावडीत नाहीतर शाळेत कॅमेरा मांडायचा, एकेकाला खुर्चीवर बसवायचं. फोटो कॅमेऱ्यातून सरळ कॉम्प्युटरमध्ये. पण कॉम्प्युटरचं पोट लहान. म्हणून आठवड्याची गावं झाली की शनिवारी सगळं टेपेवर उतरवायचं, कॉम्प्युटर रिकामा करायचा, आणि टेप घेऊन बीडची बस धरायची. आठवड्याला एकच टेप मिळायची. ती बीडला ठेकेदाराच्या माणसाच्या हातात दिली की पुढं कार्डं व्हायची.

आता ह्या माणसाची रीत सांगतो. त्याचा एक नियम होता: एका टायमाला एकच गोष्ट बदलायची. मशीन बिघडलं तर दहा ठिकाणी हात घालायचा नाही. एक बदल करायचा, बघायचं. तो बदल परत घ्यायचा, दुसरा करायचा, बघायचं. मशिनीपुरतं हे ठीक आहे. पण सर हे सगळीकडं लावायचा.

त्याला चप्पल चावायला लागली. कुठल्या पायाची, हे त्याला नक्की ठरवता येईना. म्हणून त्यानं डाव्या पायाची तेवढी बदलली. डाव्या पायात रबरी, उजव्या पायात चामडी, असा तो बाजारातून फिरायचा. मी म्हणालो, "अरे, लोक हसत्यात." तो म्हणाला, "हसू द्या. अजून निकाल लागला नाही."

पोट बिघडलं तर आधी चहातली साखर बंद. मग साखर चालू, दूध बंद. मग दूध चालू, आलं बंद. हॉटेलवाला मला म्हणाला, "आप्पा, तुमचा भाडेकरू उद्या चहा बंद करून नुस्ता कप मागंल."

मांजरसुंब्याच्या घाटात त्याला बस लागायची. म्हणून तीच बस, तोच शर्ट, तेच खाणं, आणि दर खेपेला फक्त बाक वेगळा. कंडक्टरला वाटलं हा महामंडळाचा साहेब, गपचूप तपासणीला येतो. तो ह्याला उठून जागा द्यायला लागला. सरनं त्याच्यावर राग धरला. म्हणे, माझी सगळी तपासणी ह्यानं नासवली.

असा माणूस. आणि त्याच्या काकूनं त्याला एका पावसाळ्यानंतर असा नाद लावला की माझ्या गिरणीवर बालंट आलं.

झालं असं. टेपेच्या डबीवर दोन आकडे छापलेले असायचे. एक लहान, दुसरा त्याच्या दुप्पट. मी विचारलं, "एका डबीत दोन मापं कशी?" सर म्हणाला, "मशीन दाबून भरतं, आप्पा. गादीत कापूस दाबतात तसं. दाबून भरलं तर दुप्पट मावतं." सुरुवातीची गावं लहान होती, मावत गेलं. पुढं मोठी गावं लागली. आणि एका शनिवारी टेप मधेच भरली. अर्धी गावं आत, अर्धी बाहेर. काकूनं पडद्यावर लिहिलं, दुसरी टेप घाला. दुसरी टेप कुठून आणायची? आणि सोमवारी नव्या गावात जायचं तर कॉम्प्युटर रिकामा पाहिजे.

तेव्हा कॉम्प्युटर पुसला, आणि त्या बाहेर राहिलेल्या गावांतल्या माणसांना सरनं पुन्हा खुर्चीवर बसवलं. एकदा. बाया खुरपणं सोडून आल्या, म्हातारे बैलगाडीतून आले, आणि दिवसभर ह्याला शिव्या घालत बसले. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "माझं पयलं तोंड काय केलंस? हरवलं?" सर परत आला तेव्हा त्याच्या शर्टाचं बटण तुटलेलं होतं. कुणी तोडलं ते त्यानं सांगितलं नाही. पिवळ्या पाटीच्या फोनवर ठेकेदारानं बजावलं, पुन्हा असं झालं तर दुसरा माणूस ठेवीन. सरला हे काम सोडून दुसरं येत नव्हतं, आणि दुसरी नोकरी मिळतही नव्हती.

तर आता शोध सुरू झाला. एका टायमाला एक. आणि पहिला नंबर माझा.

"आप्पा, तुमच्या पिठानं काकूचा गळा धरलाय."

"माझं पीठ भिताडाच्या अलीकडं हाय. तुझी काकू पलीकडं."

"हवेतून जातं. मशीनच्या आत एक लहान डोकं असतं, टेप त्याला घासून जाते. डोक्यावर पीठ बसलं की लिहिलेलं चुकतं. चुकलं की ते पुन्हा लिहितं. पुन्हा पुन्हा लिहिण्यात जागा जाते."

"मग हवेला सांग."

त्यानं काडीला फडकं गुंडाळून स्पिरिटात बुडवलं, मशीनच्या आत फिरवलं आणि माझ्यासमोर धरलं. फडकं मळकट झालं होतं. मी म्हणालो, "ही बाजाराची धूळ हाय. पीठ पांढरं असतंय."

"ज्वारीचं?"

"माझ्या गिरणीचं बाजरीचं बी पांढरं असतंय."

तो म्हणाला, शनिवारी टेप चालेल तेवढा वेळ गिरणी बंद ठेवा. मी म्हणालो, कावून? शनिवारी बायका दळण घेऊन येतात, त्यांना तू सांग. तर हा खरंच सांगायला गेला. बायकांच्या रांगेसमोर उभा राहून म्हणाला, काकूंची तब्येत बरी नाही, आज दळण उशिरा करा. एकीनं डबा खाली ठेवला आणि विचारलं, "कुणाची काकू? बाळंतीण हाय का?" मी मोटार चालू केली. त्या आवाजात त्याचं पुढचं बोलणं कुणाला ऐकू गेलं नाही.

मग त्यानं खोलीच्या दाराला ओलं गोणपाट टांगलं. पाणी भिंतीत मुरायला लागलं. ते मी काढलं. त्यानं पुन्हा टांगलं. मी पुन्हा काढलं. आमचं बोलणं बंद पडलं. भिंतीपलीकडं तो मशीनला कान लावायचा, अलीकडं मी दगडाला.

मी हटलो नाही. पण गिरणीचा पट्टा तुटला. नवा बीडहून येईस्तोवर गिरणी बंद, आणि नेमका शनिवार. सगळीकडं शांत. सरनं काकूचं डोकं पुसलं, टेप घातली, कान लावून बसला. मी दारात उभा. काकू एकदाही घुटमळली नाही. सरळ घरघर. आणि टेप जिथं मागच्या खेपेला भरली होती तिथंच भरली.

मी दोन चहा मागवले. चहा पिऊन झाल्यावर म्हणालो, "आता बाहेर ये आन सांग."

"काय सांगू?"

"पिठाचा दोष न्हाई."

तो बाहेर आला. हॉटेलवाला होता, शेजारचा शिंपी होता. त्यांच्यासमोर त्यानं सरळ उभं राहून सांगितलं, "पिठाचा दोष नाही." शिंप्याला काही कळलं नाही, तो म्हणाला बरं. त्या दिवसापासून आमचं बोलणं पुन्हा चालू झालं.

त्या शनिवारी मी सोयरेपण वापरून त्याला वाचवलं, हेही सांगून टाकतो. बाहेर राहिलेलं गाव माझ्या सोयऱ्यांचं होतं. मी निरोप धाडला की गपगुमान पुन्हा बसा. बसले. पण पुढच्या गावांत माझं सोयरं कुणी नव्हतं, आणि हे सरला माहीत होतं.

पिठानंतर विजेचा नंबर लागला, तोवर पुढच्या आठवड्याची गावं कॉम्प्युटरमध्ये अडकून पडली होती. दाब कमी-जास्त होतो म्हणून त्यानं बॅटरीवर चालवून बघितलं. तेच. मग बीडला जाऊन ती टेप दिली आणि दुसरी बदलून आणली. तेच. उकाड्याचा नंबर लागला, माझा टेबलफॅन काकूसमोर गेला आणि मी घामात बसलो. तेच. दर खेपेला तो एकच बदल करायचा आणि तो मागं घ्यायचा, आणि दर खेपेला त्याचा चेहरा जरा आणखी बारीक व्हायचा. मी म्हणायचो, अरे सगळे बदल एकदम कर, कशानं तरी होईल. तो म्हणायचा, "मग कशानं झालं ते कळणार नाही, आप्पा." न कळू दे की, मी म्हणालो. ते त्याला पटत नव्हतं. मला बी माझं म्हणणं फार पटत नव्हतं, खरं सांगायचं तर. दगड बिघडला तर मी पण असंच करतो.

मग एका सकाळी तो गिरणीत येऊन कट्ट्यावर बसला. एका बाईनं डबा काठोकाठ ज्वारीनं भरून आणला होता. दळण झालं, पीठ मावेना, तिनं पदर पसरला. ती गेल्यावर सर म्हणाला, "पीठ का मावलं नाही?"

"मावणारच न्हाई. दळलं की फुगतं. डबा चार बोटं रिकामा आणायचा असतोय. नव्या सुनेला बी ठाऊक हाय."

"मला काल कळलं. काकूकडून."

त्यानं काल काय केलं तर फक्त नावं टेपेवर घातली. माणसांची नावं, गावं, वय, तेवढंच. ती कुठल्या कुठं दबली. मग फक्त फोटो घातले. ते दबले तर नाहीतच, उलट होते त्याहून थोडे जास्तच झाले.

"कॉम्प्युटरमध्ये फोटो ठेवतानाच ते एकदा दाबून, म्हणजे तुमच्या भाषेत दळून, ठेवतात, आप्पा. जागा वाचावी म्हणून. काकूला ते माहीत नाही. ती बिचारी दळलेलं पुन्हा दळते. त्यात काही बारीक व्हायचं राहिलेलं नसतं. ते फुगतं."

"आन नावं कावून दबली?"

"नावांत तेच ते असतं. प्रत्येकाच्या पुढं तालुका पाटोदा, जिल्हा बीड. बाई, बाई, बाई. राव, राव, राव. एकदा लिहायचं, बाकी ठिकाणी 'वरीलप्रमाणे' म्हणायचं. झालं, दबलं."

"मग तोंडाला बी म्हण की वरीलप्रमाणे."

"तोंडाला वरीलप्रमाणे चालत नाही," तो म्हणाला.

मशीनच्या मागं बारीक बटणं होती, तांदळाएवढी. त्यातलं एक त्यानं टाचणीनं खाली केलं. म्हणजे काकूनं आता दाबायचं नाही, आहे तसं उतरवायचं. त्या दिवशी तो शिट्टी वाजवत होता. टेप घातली, आणि ती जिथल्या तिथं भरली.

तो रात्रभर झोपला नसावा. सकाळी त्याला उमगलं की टेप जुनी होती. तिची सुरुवात दाबूनच झालेली, आणि टेप जशी सुरू झाली तशीच ती पुढं चालते, मागच्या बटणाचं ऐकत नाही. त्यानं ती पार कोरी केली, पहिल्यापासून लिहिली. ह्या वेळी काकू पुढं गेली. मागच्या जागेच्या पुढं, आणखी पुढं. आम्ही दोघं बी टेबलाला कान लावून बसलो होतो. आणि शेवटच्या गावाच्या अलीकडं ती थांबली. दोष निघाला होता, जागा तरी बी पुरत नव्हती. डबीवरचा दुप्पट आकडा तोंडांसाठी नव्हताच.

दुसऱ्या दिवशी ठेकेदार स्वतः जीप घेऊन आला. मी आधी त्याला सांगितलं की माझ्या पिठाचा ह्यात दोष नाही. तो म्हणाला, कसलं पीठ? आणि आत गेला. पडद्यासमोर उभा राहून त्यानं फोटो बघायला सुरुवात केली, आणि मला बाहेर त्याचा आवाज ऐकू आला.

"एका माणसाचे तीन-तीन? हे काय हाय बे? लग्नाचा अल्बम करतोस?"

खरं होतं. कार्डाला एक फोटो लागायचा, सर प्रत्येकाचे तीन काढायचा. मला वाटायचं त्याची काही रीत असेल, एका टायमाला एक बदल वगैरे.

"पहिला बिघडला तर असावा म्हणून," सर म्हणाला.

"बिघडलाय का पहिला?"

"नाही."

"मग? कार्डाला पहिलाच जातोय ना?"

"हो."

"मग बाकीचे कुणासाठी? तुझ्या आईच्या तसबिरीशेजारी लावायला?" ठेकेदारानं चष्मा काढून पुसला. तो वाईट माणूस नव्हता, त्याला बी वरून कुणीतरी बोलत असणार. "हे बघ ढगे. पहिला ठेव, बाकी सगळे पूस. टेपेत सगळं नीट बसंल. उद्या संध्याकाळच्या गाडीनं टेप बीडला पायजे. न्हाई आली तर तू बी येऊ नको."

जीप गेली. सर खुर्चीवर बसून राहिला. मी आत गेलो. म्हणालो, सोपं झालं की. इतके दिवस काकूला कान लावत बसलास, औषध तर तुझ्याच हातात होतं.

"हो," तो म्हणाला.

"मग कावून काढलेस तीन-तीन?"

त्यानं पडद्यावर एक माणूस काढला. फेटा, मिशा, डोळे वटारलेले, ठाण्यात बसल्यासारखा. "हा पहिला." मग दुसरा. तोच माणूस, जरा सैल. "हा दुसरा, ह्यात त्याला वाटतंय फोटो झाला." मग तिसरा. मी त्या माणसाला ओळखत होतो, नेकनूरच्या बाजारात बैल विकायला बसायचा. इतक्या वर्षांत मी त्याचं असं तोंड बघितलं नव्हतं. भुवया वर, मिशांच्या खाली हसू दाबलेलं.

"पहिल्या फोटोत माणूस सरकारकडं बघतो, आप्पा," सर म्हणाला. "तिसऱ्यात माझ्याकडं."

मी खुर्ची ओढून तो बैलवाला पुन्हा एकदा बघितला.

पुसायचं तर एका दमात सगळे पुसता येतात, एक ओळ लिहिली की झालं, असं त्यानंच मला सांगितलं होतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर हा एकेक फोटो काढतोय, बघतोय, पुसतोय. ह्या गतीनं संध्याकाळची गाडी जन्मात मिळाली नसती. आणि तो दिवस बाजाराचा होता. त्या आठवड्यात ज्या गावांचे फोटो निघाले होते ती सगळी आजूबाजूचीच गावं. त्यांची माणसं पिशव्या घेऊन माझ्या दारावरून चालली होती. म्हणून मी म्हणालो, आणि ही कल्पना माझी, हे कुणी विसरू नये, "पुसायचेच हायत तर ज्याचं तोंड त्याला तरी दाखव."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मग आम्ही दोघांनी कॉम्प्युटर उचलला आणि गिरणीच्या कट्ट्यावर ठेवला. वायर खिडकीतून ओढली. मी रस्त्यावर उभं राहून एकाला हाक मारली, त्यानं दुसऱ्याला. थोड्या वेळात रांग लागली.

पहिला आला तो पडद्यासमोर वाकून म्हणाला, "ह्यो मी? ह्यो तर माझा बाप हाय." आणि बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, बरं, पुसा. सरनं बटण दाबलं. माणूस गेला.

एक बाई नवऱ्याला घेऊन आली. नवऱ्याचा तिसरा फोटो निघाला, दात दिसत होते. ती म्हणाली, "हे असं हसत्यात कवा? घरी तर कधी बघितलं न्हाई." नवरा म्हणाला, सर, लवकर पुसा. ती म्हणाली, थांबा हो, मला नीट बघू द्या. एका पोरीचा पदर डोक्यावरून सरकला होता, ती म्हणाली, आधी पुसा मग बोला. एका म्हाताऱ्यानं विचारलं, कागदावर काढून मिळंल का? मिळत नव्हतं, इथं छापायचं मशीन नव्हतं. तो म्हणाला, मग पुन्हा एकदा दाखव. सरनं दाखवला. तो खाली वाकून पडद्याला हात लावून गेला.

रांग काही पुढं सरकत होती, काही मागं वाढत होती. बघून झालेली माणसं पण जाईनात, दुसऱ्यांची तोंडं बघायला थांबली. बाजारात कांद्याचा भाव काय झाला हे त्या दिवशी आमच्या रस्त्यावर कुणी विचारलं नसेल. सर एकेकाचं नाव विचारायचा, काढायचा, दाखवायचा, पुसायचा. माणसं पडद्याकडं बघायची, तो माणसांकडं.

मग शेवंताबाई आली. शेळ्या पाळणारी, साठीची, डोक्यावर गाठोडं. माझी तिची एवढीच ओळख की ती शेळीच्या दुधाचे पैसे लगेच मागते. सरनं तिचा पहिला फोटो बाजूला ठेवला, दुसरा दाखवला, पुसला. तिसरा काढला. त्यात ती पुढं वाकलेली होती आणि तोंड अर्धं उघडं. कार्डाला काय, कशालाच चालला नसता.

"हे तोंड कावून उघडलंय माझं?" ती म्हणाली.

"तुम्ही बोलत होता."

"काय बोलत होते?"

सर पडद्याकडंच बघत होता. "जेवलास का, असं तुम्ही मला विचारत होता."

रांगेतलं कुणीतरी हसलं.

"मग तू काय म्हणलास?"

"हो म्हणालो."

"जेवलतास का?"

त्यानं मान हलवली. जेवला नव्हता.

ती बाई क्षणभर पडद्यावरच्या स्वतःकडं बघत राहिली. "कुठलं बटण?" तिनं विचारलं. त्यानं बोट दाखवलं. तिनं ते बटण स्वतः दाबलं, जरा जोरातच, आणि तिचं तोंड गेलं. मग तिनं गाठोडं कट्ट्यावर ठेवलं, गाठ सोडली, फडक्यातली भाकरी काढली, वर पिठलं घातलं, आणि त्याच्या हातात दिली.

"आदी हे खा."

मागचा माणूस म्हणाला, "सर, माझा काढा की, मला बस हाय."

"जेवू दे रे त्याला," शेवंताबाई म्हणाली.

ढगे सर कट्ट्यावर मान खाली घालून खायला लागला. कुणी हाललं नाही. सगळी रांग पिशव्या हातात धरून त्याच्याकडं बघत उभी होती.